पाखाडी डॉट कॉमचा भाव

चार लाख हा आकडा फोनवर ऐकला तेव्हा सेलिना जिन्याच्या मधल्या पायरीवर बसलेली होती. बसलेली म्हणजे हौसेने नव्हे. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजलेल्या, त्यामुळे वरच्या खोलीतून खाली यायचं तर एकेक पायरी बुडावर घसरत उतरायची, असं गेलं वर्षभर चाललं होतं. डॉक्टरांनी दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन सांगितलं होतं आणि पेन्शनीत ते बसत नव्हतं. आणि आता मुलुंडचा कोणी ओजस नावाचा दलाल सांगत होता की तिच्या नवऱ्याची ती जुनी वेबसाइट, वेबसाइटसुद्धा नाही, नुसतं त्या साइटचं नाव, चार लाखांना जाईल.

"शुक्रवारपर्यंत सांगा मॅडम. क्लायंट दुसरं नाव पण बघतोय."

"क्लायंट कोण?"

"ते नाही सांगता येत. होमस्टेचा बिझनेस आहे, एवढं समजा."

नाव होतं आमचीपाखाडी डॉट कॉम. पाखाडी म्हणजे गावठाणातली एक वस्ती. मरोळच्या बाजूला काचेच्या इमारतींच्या कचाट्यात सेलिनाची पाखाडी अजून तग धरून आहे. पंचवीस-तीस घरं, एक क्रूस, एक जुनी विहीर. सेलिनाच्या नवऱ्याने, गिल्बर्टने, तिथे सायबर कॅफे काढला तेव्हा लोकांना कॉम्प्युटर म्हणजे टीव्हीचा भाऊ वाटायचा. तेव्हाच त्याने हे नाव घेतलं, आणि घरातल्या प्रत्येक गोष्टीसारखं बायकोच्या नावावर केलं. कॅफे बुडाला, गिल्बर्ट तीन वर्षांपूर्वी गेला. नावाचे वर्षाचे पैसे सेलिना भरत राहिली. का, असं कोणी विचारलं तर ती म्हणायची, "त्याच्या कबरीवर फुलं नेते तेव्हा नाही विचारत कोणी."

सेलिनाने विक्रोळीच्या एका कारखान्यात खरेदी खात्यात तीस वर्षं काढली होती. तीन कोटेशनं आल्याशिवाय तिने कधी पंख्याचं पातंसुद्धा घेतलं नाही. तेव्हा पहिल्याच फोनला हो म्हणणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने दिराच्या मुलीला बोलावलं. ॲन्ड्रिया जाहिरातींच्या कंपनीत लोकांच्या वेबसाइटी बघते, तिला यातलं कळतं.

ॲन्ड्रिया लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली. नावांची किंमत सांगणाऱ्या तीन साइटी तिने धुंडाळल्या. एकीने चाळीस हजार सांगितले, दुसरीने नऊ हजार, तिसरीने सांगायचंच नाकारलं.

"आंटी, ह्यांचं काही खरं नसतं. यंत्र शब्द मोजतं. आपण आपलं बघू. नाव जुनं आहे, हा एक प्लस. पण 'पाखाडी' हा शब्द शोधतंय कोण? आपणच."

"होमस्टेवाला शोधत असेल."

"मग तो 'अंधेरी स्टे' घेईल. 'पाखाडी' म्हटलं की त्याच्या गिऱ्हाइकाला वाटेल, काहीतरी खायचं आहे." ती हसली आणि मग थांबली. "साइटवर महिन्याला माणसं येतात किती? सात. त्यातली एक तू."

"मी गिल्बर्टचा फोटो बघायला जाते. बाकीचे सहा?"

"रोबो."

म्हणजे नावाला गिऱ्हाईक नाही, साइटवर माणूस नाही, आणि भाव चार लाख. खरेदी खात्यात असा कागद समोर आला की सेलिना चष्मा पुसायची. आताही तिने पुसला.

संध्याकाळी ओजसचा पुन्हा फोन आला. गोड बोलत होता. "मॅडम, एक छोटी गोष्ट. त्या नावावरचे ईमेल चालू आहेत ना? ते बंद नका करू हां. जसं आहे तसं द्या, तुम्हाला पण त्रास नको."

सेलिनाने फोन ठेवला. आपल्याला त्रास नको म्हणून दलाल झुरतो, हे तिने आयुष्यात पाहिलेलं नव्हतं.

ईमेलचं प्रकरण असं होतं. ह्या पाखाडीत लग्न असलं की आदल्या दिवशी उंबराचं पाणी, म्हणजे नवरा-नवरीच्या आंघोळीचं पाणी, आणायला बँडबाजा लावून अख्खी वस्ती विहिरीवर जाते, आणि परतल्यावर नवरा-नवरीला आहेर होतो. कोणी भांडं देतं, कोणी पाकीट. गिल्बर्टकडे दोन्हीची चणचण. त्याने काय करावं? जोडप्याच्या नावाने आमचीपाखाडीचा एक ईमेल पत्ता काढून, रंगीत कागदावर छापून, फ्रेम करून तो आहेर द्यायचा. लोक हसले, मग लोकांना ते आवडायला लागलं, मग ज्यांची लग्नं आधीच झाली होती तेही मागायला लागले. आहेरातलं भांडं कपाटात ठेवतात. हे मात्र लोकांनी वापरलं. त्या पत्त्यावर आलेली पत्रं ज्याच्या त्याच्या मोबाईलवर आपोआप पुढे जायची, त्यामुळे कोणाला वेगळं काही करावं लागत नव्हतं, आणि म्हणूनच हे सगळं गिल्बर्टच्या त्या नावावर टेकलंय हे कोणाच्या लक्षातही उरलं नव्हतं.

"वापरलं म्हणजे कशाला?" सेलिनाने हे सांगितल्यावर ॲन्ड्रियाने विचारलं.

"चल, सेराफिनाला विचारू."

सेराफिना समोरच्या घरात राहायची. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, मुलगा कॅनडात, स्वभाव तिखटाच्या बरणीसारखा. सेलिना काठी टेकत तिच्या दारात पोचली तर ती म्हणाली, "काय गो, लंगडत लंगडत भांडायला आलीस?"

"तुझ्या त्या म्युच्युअल फंडाला ईमेल कुठला दिलायस?"

"गिल्बर्टने दिला तोच. दुसरा कुठून आणू? मुलाने सगळं त्याच्यावर टाकलंय. फंड, बँक, गॅस, सगळं."

ॲन्ड्रियाने परवानगी घेतली. फंडाच्या साइटवर सेराफिनाचा तो पत्ता टाकला आणि 'पासवर्ड विसरलात?' वर बोट ठेवलं. त्याआधी लॅपटॉपवर तिने एवढंच केलं होतं, त्या पत्त्याची पत्रं सेराफिनाऐवजी सेलिनाच्या मोबाईलवर वळवली होती. नावाच्या मालकाला तेवढं करता येतं.

सेराफिनाचा फोन टेबलावर मुका पडून होता. सेलिनाच्या हातातला थरथरला. नवा पासवर्ड करण्याची लिंक. लिंक उघडून ॲन्ड्रियाने नवा पासवर्ड टाकला आणि सेराफिनाच्या गेलेल्या नवऱ्याचे, मुलाचे आणि म्हातारपणाचे पैसे सेलिनाच्या तळहातावर उघडे पडले.

"बंद कर," सेलिना म्हणाली.

सेराफिनाने मान लांब करून पाहिलं. "हे तुला दिसतंय म्हणजे?"

"मला दिसतंय म्हणजे मी विकलं की त्याला दिसणार."

"मग नको विकूस." सेराफिनाला सगळंच सोपं असतं.

घरी येताना ॲन्ड्रिया म्हणाली, "आंटी, पण खरंच होमस्टेवाला असला तर? आपण उगाच घाबरतोय, आणि ऑपरेशन हातचं जाईल." ती चुकीचं बोलत नव्हती. एका प्रश्नावरून माणसाला चोर ठरवणं सेलिनालाही पटत नव्हतं, आणि गुडघा पायरीगणिक आठवण करून देत होता.

तिने खरेदी खात्यातली जुनी युक्ती काढली. कोटेशनमध्ये दहा वस्तू असल्या आणि एकूण भाव संशयास्पद वाटला, तर एक वस्तू काढून टाकायची आणि पुन्हा भाव मागायचा. जी वस्तू काढल्यावर भाव कोसळतो, तिच्यातच विक्रेत्याचा जीव असतो. शुक्रवारी सकाळी तिने स्वतःहून फोन लावला आणि स्पीकर चालू केला. ॲन्ड्रिया बाजूला उभी.

"ओजस, मी विकते."

"झकास, मॅडम. मग आजच प्रोसेस चालू करू."

"आज नाही. त्या नावावर लोकांचे बँकेचे वगैरे पत्ते आहेत. मी आधी एकेकाला सांगून सगळीकडून बदलून घेते. सहा महिने लागतील. मग ते नाव कोरं, स्वच्छ तुला. भाव तोच ना?"

पलीकडे मागे कोणीतरी कुजबुजलं, ओजसने बहुतेक फोनवर हात ठेवला.

"मॅडम, सहा महिन्यांनी क्लायंटला त्याची व्हॅल्यू नाही राहणार. वीस हजार देतील फार तर."

"नाव तेच राहील की रे. होमस्टेला माझ्या शेजारणीच्या फंडाशी काय करायचंय?"

"असं नसतं ते. बरं, ऐका. तुम्ही आज केलंत तर मी सहा लाखांपर्यंत नेतो. कॅश पण चालेल."

सहा लाख. दोन्ही गुडघे, आणि वर एक माणूस हाताशी ठेवायला पैसे. ॲन्ड्रियाने सेलिनाकडे पाहिलं. सेलिनाचा हात गुडघ्यावर होता आणि ती तो चोळत होती, जणू त्यालाच विचारत होती.

"तुझ्या क्लायंटचं नाव आणि पत्ता लिहून पाठव," ती म्हणाली. "मग बोलू."

लाइन कट झाली. पुन्हा तो नंबर लागला नाही.

ॲन्ड्रियाने त्या दुपारी नावाला कुलूप घातलं, म्हणजे सेलिनाच्या मोबाईलवर मंजुरी आल्याशिवाय ते कुणाच्याही नावावर जाऊ नये. सेलिनाने पुढच्या दहा वर्षांचे पैसे भरून टाकले. मग ती म्हणाली, "पण मी किती वर्षं? माझ्यानंतर कोणी विसरलं भरायला, तर हे फुकटात त्याच्या हातात." आहेर देताना गिल्बर्टला हे सुचलं नव्हतं.

म्हणून रविवारी मिसा संपल्यावर सेलिनाने चर्चच्या आवारात प्लास्टिकची खुर्ची टाकली आणि ईमेलचा पत्ता बदला म्हणून एकेका घराला अडवलं. लोक वैतागले. एक जण म्हणाला, गिल्बर्टने दिलेलं आम्ही का सोडू. दुसरी म्हणाली, विकून टाकायचंस ना, आमच्याकडे आहेच काय चोरायला. एका जोडप्याने फ्रेम परत आणून सेलिनाच्या मांडीवर ठेवली. सेलिनाने फ्रेम खुर्चीखाली सरकवली आणि विचारलं, "बँक कुठली?"

सेराफिना सगळ्यात शेवटी आली, आणि फोन पदराआड धरून उभी राहिली.

"मी नाही बदलणार. आता नवीन पाठ करायचं वय आहे माझं?"

"मी पाठ करून घेईन."

"आणि तुझे गुडघे?"

"डावा आधी करेन, भिशी लागली की. उजव्याला थांबावं लागेल."

"एका पायावर नाचणार?"

"तुझ्यासमोर नाही नाचणार," सेलिना म्हणाली. "फोन दे इकडे."