निळ्या माशाची सोयरीक

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, पुढे जमायचं नाही. चौथीत शाळा सोडलेला माणूस मी. पण मासा म्हणजे काय ते मला कोण शिकवणार? देवगडच्या किनाऱ्यावर चाळीस वर्षं जाळं ओढलंय. आणि त्याच हातांनी कतारात, दोह्यातल्या अल अझीझिया वस्तीत, इमारतीच्या पाचव्या मजल्यावर, तीन दिवसांत तीन मासे मारले. तेही माया करून!

माझी बायको गेली त्याला दीड वर्ष झालं. मुलगा संदीप मला इकडे घेऊन आला. तो दुखानला तेलाच्या कंपनीत, चार दिवस तिकडे, तीन दिवस घरी. सून ऑफिसातून पाचला येते. नात तन्वी नऊ वर्षांची, मराठी समजते पण बोलते इंग्रजी. मला सोबत व्हावी म्हणून संदीपने तिसऱ्या मजल्यावरचे भिडे आणून बसवले. साताऱ्याचे रिटायर पोस्टमास्तर. दुसऱ्याच दिवशी मी त्यांना म्हणालो, तुमच्या घरी टीव्ही नाही का? परत आले नाहीत. बरं झालं, म्हटलं.

मग संदीपने खाऱ्या पाण्याची टाकी आणली. दाराएवढी लांब! आणि आत मासे किती? तीन. एक पिवळा, एक नारिंगी पट्ट्यांचा आणि एक निळा. निळा तन्वीचा, वाढदिवसाचा. शाळेतून आली की ती टाकीपुढे बसायची, मी शेजारी. ती इंग्रजीत, मी मराठीत, निळा मध्ये. दिवसभरात मी तेवढंच बोलायचो.

जाताना संदीपने बजावलं होतं, "बाबा, टाकी नवीन आहे. सध्या तीनच. दोन महिन्यांनी चौथा बघू."

आता मला सांगा, दाराएवढ्या टाकीत तीन मासे? तेही तीन जातींचे, एकमेकांकडे ढुंकून न बघणारे? बांगडा कधी एकटा बघितलाय कोणी? जाळ्यात येतो तो सगळी वरात घेऊन. निळा दगडाआड एकटा उभा दिसला की मला बघवायचं नाही. ठरवलं, तिघांची लग्नं लावून टाकायची.

सोमवारी तन्वी शाळेत गेल्यावर गल्लीतलं पाळायच्या माशांचं दुकान गाठलं. तिघांच्या जातीचा एकेक जोडीदार मागितला. दुकानदार केरळचा, हिंदीत विचारत होता, घरी आधीचे कोणते आहेत, चाचा? म्हटलं तुला काय करायचंय, यल्ला, चल, बांध. नर कोण, मादी कोण, हे मीही विचारलं नाही. चाळीस वर्षांत कुठल्या माशाचं कधी विचारलंय?

घरी येऊन सोडले टाकीत. वरून चार तांदूळही टाकणार होतो, हात आवरला.

तन्वी आली, टाळ्या पिटल्या. दहा मिनिटं सगळा आनंद. मग तिचा तो गरीब निळा नव्या निळ्याच्या असा अंगावर गेला की काय सांगू! शेपटीने सपासप. पिवळ्यांचं तेच. नारिंगी तेवढे शहाणे, गुमान शेजारी जाऊन बसले. तन्वीने बापाला फोन लावला. तो म्हणाला, एका जातीचे दोन असले की भांडतात, मध्ये काच लावा. काच कुठली आणू? फ्रिजमधलं काचेचं फळकूट ओढून काढलं, भाज्या जमिनीवर. फळकूट टाकीच्या अर्ध्यातच आलं. पलीकडून सगळे ये-जा करत होते.

मंगळवारी नवा पिवळा आणि नवा निळा मेलेले. त्यातला एक दगडाखाली अडकलेला, मला दिसलाच नाही. तो तिथेच कुजला, पाणी दुधासारखं झालं. बुधवारी तन्वीचा निळा आडवा पडला. ती रडली नाही, उठून खोलीत गेली. त्यानंतर माझ्याशी इंग्रजी नाही की मराठी नाही.

गुरुवारी संदीप आला. टाकीपुढे उभा राहिला.

"बाबा, मी तीन सांगितले होते."

"तिघं एकटे होते रे."

तो बादली आणायला गेला. आता उरले किती? तीन. त्याने सांगितलेले बरोब्बर!

शुक्रवारी भिडे दारात. संदीपनेच सांगितलं असणार. म्हणाले, टाकी बघायला आलोय, तुम्हाला बघायला नाही. खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. तन्वीच्या जागेवर. आणि लगेच अक्कल शिकवायला सुरुवात, म्हणे एवढ्या टाकीत दहा तरी हवेत. मी म्हणालो, पोस्टात मासे वाटत होता काय? ते म्हणाले, मारायला कोळी आणि पाळायलाही कोळी, मग दुसरं काय होणार? मी उठलो, तेही उठले. आवाज जिन्यापर्यंत.

तेवढ्यात तन्वी खोलीतून बाहेर आली. दोन दिवसांनी. स्वयंपाकघरातून फ्रिजचं ते फळकूट घेऊन आली. आमच्या मध्ये उभी राहिली आणि चक्क मराठीत विचारलं,

"आजोबा, मध्ये काच लावू?"

भिडे खाली बसले. मीही बसलो.

"नको गो बाय," म्हटलं, "बसू दे त्यांना."