भोंग्याला आवाज मागितला तेव्हा

आमच्या ग्रुपचं नाव ‘खटका’. मोबाइल, फ्रिज, चार्जर, मिक्सर, चंद्रावरची माती, विषय कुठलाही असो, तोंड सोडायचं आणि कुणाच्या बापाला ऐकायचं नाही, एवढाच तिथला नियम. फोन रात्रभर चार्जिंगला लावला तर बॅटरी मरते का, यावरून तिथे दोन सख्ख्या साडूंनी एकमेकांशी बोलणं टाकलं आहे. अशा या ग्रुपवर सगळ्यांत मोठा आवाज भोंग्याचा. ‘भोंगा’ हे त्याचं तिथलं नाव. त्याचं लिहिणं नुसतं वाचलं तरी कानठळ्या बसायच्या.

माझं आणि त्याचं पहिलं वाजलं ते कपडे धुण्याच्या मशीनवरून. माझं म्हणणं, मशीनला फिरवायचं गोल बटण पाहिजेच. माझ्या मावशीला दिसत नाही. गुळगुळीत काचेवर तिच्या बोटाला काय सापडणार, कप्पाळ? भोंग्याचं म्हणणं, गोल बटण म्हणजे मळ साठवायची जागा. वर शेपूट जोडलं, “मोर्चेवाल्या बाईंना कशातही घोषणा दिसते.”

मी मोर्चे काढते, खरं आहे. शाळा आठवीत सुटली, पण बसथांब्यावरचा बाक आणि दवाखान्याच्या दारातला रॅम्प मी भांडून मिळवलेत. माझ्या मोर्च्याला कुणी हसलं की माझं डोकं फिरतं. या माणसाने एकदा नव्या करवतीचा फोटो टाकला होता, त्यात मागे वखारीची पाटी दिसत होती. लाकडाची वखार, आमच्या वस्तीपासून चार गल्ल्या पुढे. म्हटलं, चला, तोंडावरच विचारू.

गेले. आत भुशाचा नुसता धुरळा. पट्ट्याची करवत किंचाळत होती आणि एक धिप्पाड माणूस माझ्याकडे पाठ करून ओंडका पुढे सरकवत होता. मी ओरडले, “भोंगा कोण इथे?” पाठ हलली नाही. पुन्हा ओरडले. ढिम्म. मी पुढे होऊन त्याचा दंडच धरला. त्याने झटकन मूठ उगारली. मला वाटलं, मारतो आता हा! मीही चप्पल काढली. तेवढ्यात करवत थांबली, कारण पलीकडे उभ्या असलेल्या त्याच्या जोडीदाराने ती मूठ बघून खटका पाडला होता. वखारीत उगारलेली मूठ म्हणजे ‘थांब’. दोन बोटं म्हणजे ‘ओंडका उलटा कर’. सपाट तळवा म्हणजे ‘हळू’. करवतीच्या त्या आवाजात कुणालाच कुणाचं ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळा कारभार हातांचा. आणि मी हातात चप्पल घेऊन उभी. दुसऱ्या हाताने मी फोनवरचं आमचं भांडण त्याच्या नाकासमोर धरलं.

त्याने कानामागची पेन्सिल काढली, पायाजवळचा फळीचा तुकडा उचलला आणि लिहिलं, “चालू मशीनवर माणसाला धरू नये. भांडण ग्रुपवर.” मग तुकडा उलटा करून मागे लिहिलं, “चहा?”

तेव्हा मला कळलं. भोंगा बहिरा होता.

करवतीनेच त्याचे कान खाल्ले, थोडे थोडे करून. आधी पाखरं गेली, मग दाराची बेल, मग बायकांचे आवाज, शेवटी सगळंच. स्वतःचा आवाज केवढा निघतोय ते कळेना म्हणून तो मोठ्याने बोलायचा, लोक दचकून मागे व्हायचे, मग त्याने बोलणंच आवरतं घेतलं. कानाचं मशीन त्याच्याकडे आहे. खिळ्यांच्या डब्यात पडलेलं असतं. ते लावलं की करवत डोक्याच्या आत शिरते, म्हणतो. घरात त्याचं आणि बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं, बोलणं फळीच्या तुकड्यांवर चालतं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तुकड्यांचा हा ढीग. “दूध आण.” “तुझ्या भावाने माझा पाना नेला.” “नेला तर नेला.” वहिनी मला म्हणाल्या, “माझ्यासारखी सुखी बाई नाही गं. नवऱ्याने काय शब्द दिला, सगळं लाकडावर लिहून आहे.” हसल्या आणि कोरा तुकडा शोधायला लागल्या, कारण भोंगा विचारत होता, काय हसताय?

हे विचारणं महत्त्वाचं. बहिऱ्या माणसाला आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा कुठला शब्द मिळतो माहिती आहे? “काही नाही.” लग्नाला जा, पंगतीला बसा, दहा माणसं खो खो हसतात, हा विचारतो, काय झालं? “काही नाही, काही नाही.” वर पाठीवर थाप. सख्खा भाऊ तेच, डॉक्टर तेच, बँकेतला साहेब तेच. एवढ्या जगाचा एवढा गलका आणि ह्याच्या वाट्याला ‘काही नाही’. फक्त ‘खटका’वर हे कुणी म्हणत नव्हतं. तिथे त्याला गाढव म्हणायचे, अडाणी म्हणायचे, पण उत्तर द्यायचे. पुरतं, मुद्द्याला मुद्दा. तो बहिरा आहे हे तिथे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि त्याने मला लिहून बजावलं होतं, “तिथे बोललात तर याद राखा.”

आणि मग निघाला तो इयरबड्सचा वाद.

ग्रुपवर एक ‘प्रोफेसर’ आहे. कॉलेजचं तोंड त्याने कधी पाहिलं असेल तर बाहेरून. तो घरोघर पाणी शुद्ध करायची यंत्रं विकतो. पण वाक्याच्या सुरुवातीला “संशोधन सांगतं” म्हणायची खोड, म्हणून प्रोफेसर. त्याने लिहिलं, आता कानात घालायचे साधे इयरबड्सच ऐकायच्या यंत्राचं काम करतात, महागडी यंत्रं घेणारे मूर्ख. झालं! भोंगा उसळला. इयरबड्स म्हणजे खेळणं, प्रत्येकाचा कान वेगळा, यंत्र त्या कानाच्या मापाने लावावं लागतं, इयरबड्सने कुणाला काडीचा उपयोग होत नाही. दिवसभर खडाजंगी. मी त्याला वेगळं लिहिलं, “स्वतःचं मशीन खिळ्यांत ठेवता आणि दुनियेला ज्ञान?” उत्तर आलं, “म्हणूनच. मला माहिती आहे, तुम्हाला नाही.”

उत्तरं तो फार झपाट्याने देतो. देणारच, त्याचं सगळं बोलणंच लिहिण्यात. पण प्रोफेसरला तिथेच संशय आला. “हा भोंगा माणूस आहे कशावरून? इतक्या लवकर एवढं कोण लिहितं? मशीनकडून लिहून घेतोय. ग्रुपच्या व्हॉइस कॉलवर कधीही येत नाही. आवाज ऐकलाय का कुणी?” लोकांना गंमत वाटली. हो रे, खरंच की! जो तो “बीप बीप” लिहायला लागला. ऍडमिन म्हणजे फोनची कव्हरं विकणारा, कुणी गिऱ्हाईक नसलं की न्यायाधीश होणारा माणूस. त्याने फतवा काढला. लिहिलेलं कुणी लिहिलं हे हल्ली कळत नाही, म्हणून यापुढे सगळे वाद व्हॉइसवर, समोरासमोर. रविवारी पहिला वाद, प्रोफेसर विरुद्ध भोंगा. भोंगा आला नाही तर ग्रुपमधून बाहेर.

मी लिहिलं, “अरे शहाण्या, मशीनला आवाजसुद्धा काढता येतो.” मला ताकीद मिळाली.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी. वहिनी, मी, भोंगा, मध्ये फळ्या. मी म्हटलं, तुमच्या जागी मी बोलते. लिहिलंसुद्धा. त्याने वाचून तुकडा माझ्याकडे परत सरकवला, उष्टं ताट सरकवावं तसा. वहिनी म्हणाल्या, फोनवर बोललेलं अक्षरांत दाखवतं ना काहीतरी? ते त्याने करून पाहिलं होतं. तीन माणसं एकदम बोलली की त्या अक्षरांना चक्कर येते. मग उरला सरळ उपाय, जो कुणालाही सुचेल. सांगून टाका. म्हणा, मला ऐकू येत नाही. लोक काय राक्षस नाहीत. समजून घेतील, ठेवतील.

ते वाचून तो बोलला. तोंडाने. भांडी थरथरली.

“ठेवतील! खुर्ची ठेवतात तसं ठेवतील! मग कोण भांडेल माझ्याशी? सगळे म्हणतील, हो दादा, बरोबर दादा.”

वहिनींनी लिहिलं, “मग बसा घरी फळ्या रंगवत.”

“ग्रुपमधून नाही जाणार बाहेर,” तो म्हणाला. “काय मी कुणाचं खाल्लंय?”

मला त्या क्षणी तो माणूस फार आवडला. अपंगांच्या नावाने गळा काढणारे मी शेकड्याने पाहिलेत. त्यांना अपंग माणूस गोड लागतो. हसरा, आभार मानणारा, जमलं तर एखादं बक्षीस मिळवलेला. चिडका, हेकट आणि वर चुकीचा असलेला बहिरा कुणाला नको असतो. का नको? धडधाकट लोकांना चुकायचा परवाना कुणी दिलाय? त्यांनी तरी कुठे भरलाय अर्ज?

भोंगा बराच वेळ हाताने टेबलावर खुणा करत बसला. मूठ, दोन बोटं, तळवा. मग एकदम हसला आणि लिहिलं, “रविवारी वखारीत या.”

रविवारी वखार चालू असते, सुट्टीमुळे गिऱ्हाईक त्याच दिवशी येतं. त्याने मला मालकाच्या काचेच्या खोलीत बसवलं, माझ्या फोनवर व्हॉइस लावून दिला आणि लिहिलं, “माझं नाव पुकारलं की हात वर करा.” त्याच्या मनात काय आहे हे तोवर मला कळलं नव्हतं. ऍडमिनने घसा खाकरून प्रस्तावना केली. प्रोफेसर म्हणाला, “संशोधन सांगतं की...” मग ऍडमिन, “भोंगा, आहेस का? की चार्जिंग संपलं?” लोक फिदीफिदी हसले. मी हात वर केला. भोंग्याचं नाव पडद्यावर उजळलं. काचेपलीकडे तो फोन तोंडाशी धरून उभा होता.

“मी भोंगा,” तो म्हणाला. माझ्या हातातला फोन पडता पडता राहिला. “आवाज पाहिजे होता ना? घ्या आवाज.”

आणि जोडीदाराकडे बघून त्याने बोट गोल फिरवलं.

करवत सुरू झाली. मधोमध गाठ असलेला सुका ओंडका मुद्दाम निवडला होता. फोनमधून जे काही बाहेर पडलं त्याला आवाज म्हणणं म्हणजे पुराला पाणी म्हणणं. मी फोन उशीखाली कोंबावा तसा मालकाच्या कोटाखाली कोंबला. मग जरा बाहेर ओढून पडद्याकडे बघितलं, तर लोक लिहायला लागलेले. सगळे. धडाधड.

“बंद कर!” “कान गेले!” “प्रोफेसर काय म्हणाले?” “कुणाला काही ऐकू येतंय का?” ऍडमिनने लिहिलं, “भोंगा, मशीन बंद कर, इथे कुणालाच ऐकू येत नाहीये!” बाहेर काढायचं बटण त्याच्या बोटाखाली होतं. ते मला इथे बसून दिसत होतं म्हणा ना.

भोंग्याची ओळ आली. “मलाही येत नाही. कधीच येत नाही. आता बरोबरी झाली. मुद्दा लिहा.”

करवत चालूच. मग आली हात जोडणाऱ्या चित्रांची रांग. “दादा, माहीत नव्हतं.” “सॉरी दादा.” “बिचारे.” त्याने ते वाचलं आणि काचेपलीकडे त्याची मान लाल झालेली मला दिसली.

“हात जोडू नका. मी मेलो नाही. प्रोफेसर, पळालात का?”

प्रोफेसर पळाला नाही, हे त्याचं मी विसरणार नाही. त्याने लिहिलं, “पळतोय कशाला? तुम्ही चूक आहात. माझ्या आईला थोडंच कमी ऐकू येतं. इयरबड्स लावून ती माझ्याशी नीट बोलते. तुम्ही म्हणता कुणालाच काडीचा उपयोग नाही. माझी आई कुणीच नाही का?”

भोंग्याने कानाच्या मापाचा मुद्दा पुन्हा मांडला. प्रोफेसरने सांगितलं, ते माप जास्त बहिऱ्यांना, थोडंच कमी ऐकू येणाऱ्यांना नाही. भोंग्याने विषय फिरवून बॅटरीवर नेला. चार जणांनी त्याला ओढून परत आणला. तो हरत होता. वादात हरणारा माणूस मी ओळखते, आमच्याकडे साहेब लोक असेच फायली चाळायला लागतात. शेवटी त्याने लिहिलं, “तुमच्या आईपुरतं मान्य. बाकी एक शब्द नाही.” भोंग्याला ओळखणाऱ्यांना विचारा, हे त्याचं साष्टांग लोटांगण होतं.

ऍडमिनने लिहिलं, “यापुढे वाद लेखीच. आता तरी ते बंद कर, बायको फोन फेकून देतेय.”

भोंग्याने मूठ उगारली. करवत थांबली.

मी काचेच्या खोलीतून बाहेर आले आणि फळीवर लिहिलं, “हरलात.” तो घामाघूम, भुशाने पांढरा. वाचून म्हणाला, केवढ्याने ते त्याला माहीत नाही, “हो! काय धुतलं मला त्याने! पाहिलंत?” वखारीतलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. कुणाची धुलाई झाली आणि कोण खूश आहे, त्याला ताळमेळ लागेना.

गेल्या आठवड्यात ग्रुपवर एका दयाळू बाईंनी त्याच्या प्रत्येक वाक्याला “अगदी बरोबर, दादा” लिहायला सुरुवात केली होती. त्याने त्यांना असं झाडलं की त्या आता त्याच्या कट्टर विरोधक आहेत आणि मजेत आहेत. प्रोफेसरशी त्याचं रोज वाजतं. वहिनींनी तो ‘हरलात’चा तुकडा जपून ठेवलाय, दूध आण म्हटल्यावर तो नाही म्हणाला की दाखवतात.

राहिलं धुण्याचं मशीन. गोल बटणाच्या बाबतीत हा माणूस साफ चुकतो, आणि स्वतःला न ऐकू येणाऱ्याने न दिसणाऱ्या बाईच्या बोटांचा विचार करू नये, याची त्याला लाज वाटायला हवी. काल त्याने मला विचारलं, एवढं तोंड वाकडं का? ‘काही नाही’ म्हणाले नाही. फळीची दोन्ही अंगं भरेपर्यंत लिहिलं, आणि जागा पुरली नाही तेव्हा दुसरी फळी मागितली.