चौदा नंबरची पेटी

ऑनलाइन लिलावात वस्तू विकणं अगदी सोपं असतं, असं मला फोनवरच्या व्हिडिओत एका बाईंनी हसतमुखाने सांगितलं होतं. फोटो टाका, बोली लागू द्या, पैसे खात्यात घ्या, वस्तू द्या. त्या बाईंनी आमच्या माले गावात कधी काही विकलेलं नसावं.

आम्ही मागच्या पडवीच्या जागी भाड्याच्या खोल्या काढायला घेतल्या, तेव्हा पडवीतलं सामान ठेवायचं कुठे हा प्रश्न आला. सामान म्हणजे काय, तर वीस-पंचवीस वर्षांच्या लग्नांचा, वास्तुशांतींचा आणि निवडणुकांचा आहेर. न उघडलेले कुकर, भिंतीवरची घड्याळं, लेमन सेट. तालुक्याचा एक लिलावाचा ग्रुप आहे, त्यात मी हे सगळं नंबर घालून टाकायला सुरुवात केली. रात्री आठला बोली बंद, सकाळपर्यंत पैसे, मग येऊन वस्तू न्यायची. नियम असे चोख केले की कलेक्टर कचेरीनेही मान डोलवावी.

पैसे यायचे. कुणाचे, ते कळायचं नाही. बोली लावणाऱ्याचं ग्रुपवर नाव ‘शेतकरी राजा’ आणि फोटो बैलाचा. असे शेतकरी राजे ग्रुपवर ओळीने बसलेले, काहींचे तर बैलही सारखेच. पैसे यायचे ते तिसऱ्याच नावाने, कारण आपल्या फोनवरून पैसे पाठवणं हे इकडे कमीपणाचं मानत असावेत. एका बाईंना मी विचारलं, “मावशी, पैसे कुणाच्या फोनवरून आले?”

“भाच्याच्या.”

“त्याचं नाव काय?”

“आमी त्याला दादाच म्हणतो.”

मग मी डोकं चालवलं. मला कुणी सांगितलं होतं कोण जाणे. ग्रुपवर लिहिलं की पैसे पाठवताना वस्तूचा नंबर रकमेत मिळवा. सात नंबरचा कुकर नऊशेला सुटला, तर नऊशे सात पाठवा. वरचे सात रुपये मी वस्तू देताना हातात परत करीन. नाव नसलं तरी रकमेवरून माणूस ओळखता येईल. मी स्वतःवर इतकी खूश होते की त्या दिवशी गोड शिरा केला.

दुसऱ्या दिवशी पैसे आले. नऊशे एक. सातशे एक. साडेचारशेच्या घड्याळाचे चारशे एक्कावन्न. शून्यावर संपणारी रक्कम आमच्याकडे कुणी कुणाला देत नाही, वर एक रुपया हवाच, लग्न असो, देऊळ असो की लिलावातला कुकर असो. मी मोठ्या अकलेने रकमेच्या शेपटाला हात घातला होता आणि ते शेपूट या लोकांनी कधीच बांधून ठेवलेलं होतं. माझ्या नियमाप्रमाणे सगळ्या तालुक्याने एक नंबरची वस्तू घेतली होती. एक नंबरला होता लेमन सेट, त्यातलाही एक ग्लास फुटलेला.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण चौदा नंबरला पेटी होती.

पेटी म्हणजे आमच्या ह्यांची हार्मोनियम. हे मारुतीच्या देवळात शनिवारच्या भजनाला पेटी वाजवायचे. चार वर्षांपूर्वी पिरंगुटला कारखान्यात प्रेस मशीनवर ह्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली, तेव्हापासून देवळाची पायरी चढले नाहीत. भजनी मंडळातली माणसं सुरुवातीला बोलवायला यायची. हे पाठ फिरवून टीव्ही बघत बसायचे, बातम्या, त्याही बाजारभावाच्या. हळूहळू त्यांनी येणं सोडलं. मंडळाचं भजन मग नुसत्या पखवाजावर आणि टाळांवर चालायचं. सूर कुठे चाललाय ते फक्त मारुतीला कळत असेल.

पडवी रिकामी करताना हे म्हणाले, “ती पेटी पन वीक. लई जागा खाती.”

खोल्यांसाठी आणलेली सिमेंटची पोती आमच्या स्वयंपाकघरात होती, ती जागा खात नव्हती. पेटी खात होती. मला ती विकायची नव्हती. ती घरातून गेली की हे तिच्याबरोबर सगळंच आवरून टाकतील, ही मला भीती होती. पण ह्यांच्यापुढे “नको” म्हटलं की माणूस हट्टाला पेटतो, म्हणून मी “बरं” म्हटलं आणि माझ्या परीने घोळ घातला. बोली चार हजारांपासून ठेवली. खाली लिहिलं : भाता गळतो, उंदराने कोपरा कुरतडलाय, काळी दोनची पट्टी अडकते. इतकी प्रामाणिक जाहिरात मी कुकरचीही केली नव्हती.

तरी बोली लागली. धरणाच्या बाजूला एकाचं रिसॉर्ट आहे. तो साडेचार हजारांवर गेला. त्याला पेटी हॉलच्या कोपऱ्यात ठेवायची होती, वर कुंडी ठेवून. “गावरान लूक येतो,” त्याने लिहिलं. मला त्याचा राग आला, आणि शेजारी बसून “झ्याक झालं” म्हणणाऱ्या ह्यांचा त्याहून जास्त आला. आठला थोडा वेळ उरला असताना एका शेतकरी राजाने पाच हजार लिहिले आणि लिलाव संपला.

सकाळी खात्यात पाच हजार एक जमा होते. पाच हजार चौदा नव्हे, अर्थातच. नाव एका बाईचं, आडनाव असं की तालुक्यात खडा मारला तर तेच उठावं. त्या शेतकरी राजाचा नंबर कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. दिवसभर बाहेर. दुसऱ्या दिवशीही बाहेर. पेटी न्यायला कुणी आलं नाही.

मी ग्रुपवर लिहिलं की पाच हजार एक ज्यांचे असतील त्यांनी ओळख द्यावी. ओळख द्यायला लोक पुढे आले, नाही असं नाही. एक गृहस्थ म्हणाले, “माझेच असतील.” त्यांनी घेतला होता कुकर, नऊशेचा. बाकीचे परत करा म्हणाले, आणि तेही रोख.

मी दळणाला गेले तेव्हा गिरणीत विचारलं. तिथे मंडळातले पखवाजवाले भावजी बसले होते. ह्यांचे शाळेपासूनचे सोबती, आता आमच्या दारावरून जाताना मान खाली घालून जाणारे. त्यांना बैलाचा फोटो दाखवला. त्यांनी फोन हातात घेऊन, लांब धरून, जवळ धरून, नीट बघितला.

“कुनाचं काय सांगावं, वहिनी,” ते म्हणाले. “फोनवर बैल कुनाचाबी आसतो.”

घरी ह्यांनी माझा जीव खाल्ला. “पैसे आल्यात ना? मग दे की पेटी.”

“कुणाला देऊ?”

“ज्याचे पैसे त्याला.”

“तेच तर कळत नाही.”

“मग पैसे परत कर आन् त्या रिसॉर्टवाल्याला दे. मी फोन केलाय, रईवारी येतोय त्यो.”

चार वर्षांत ह्यांनी आपणहून कुणाला केलेला हा पहिला फोन. तो पेटी घालवायला. तोंड उघडलं असतं तर मी रडले असते, आणि कुकरच्या ढिगाऱ्यात बसून रडणं मला परवडणारं नव्हतं. पैसे आले त्याच खात्यावर परत पाठवणं एका बोटाचं काम होतं. ते पैसे परत गेले की पेटी कुंडीखाली जाणार, एवढं मला कळत होतं. म्हणून मी पैसे तसेच ठेवले. ज्या बेवारशी रकमेला मी येताजाता शिव्या घालत होते, ती आता माझ्या बाजूची एकटी उरली होती.

रविवारी रिसॉर्टवाला आला. पांढरे बूट, हातात टेप. पेटीची लांबी घेतली, रुंदी घेतली, वाजवून मात्र बघितली नाही. हे उंबऱ्याजवळ उभे, उजवा हात खिशात. त्या हाताला खिशाची सवय झाली आहे.

तेवढ्यात पखवाजवाले भावजी अंगणात आले. मागे मंडळातले आणखी तिघे, टाळवाले, धुतलेले सदरे घालून. भावजींनी टेपकडे बघितलं.

“ती इकलेली हाय,” ते म्हणाले.

“कुणाला?” मी विचारलं.

“आमाला. पैसं पोचलं न्हाईत व्हय? हिंजवडीच्या सुनेच्या फोनवरनं धाडल्यात. पाच हजार एक.”

माझ्या तोंडून आधी काय निघावं? “पाच हजार चौदा पाठवायचे होते ना, भावजी. ग्रुपवर लिहिलं होतं.”

“वहिनी, देवाच्या कामाला वर चवदा रुपयं देत्यात का कुटं?”

आणि शेतकरी राजाचा तो फोन बंद का, तर तो बंद नव्हता. मंडळासाठी सिम सुनेने घेऊन दिलेलं, बोली लावून झाली की फोन परत देवळाच्या कपाटात, घंटेच्या दोरीशेजारी. आमच्या देवळात रेंज येत नाही हे गावातल्या शेळ्यांनाही माहीत आहे. भावजी गिरणीत काही बोलले नाहीत, कारण मी ते घरी येऊन सांगितलं असतं आणि ह्यांनी त्याच दुपारी पैसे परत दिले असते. यात खोटं काही नव्हतं. मी सांगितलंच असतं.

रिसॉर्टवाला टेप गुंडाळून गेला. ह्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

“मग न्या की,” हे म्हणाले. “थांबलाय कशाला?”

“कुटं नेऊ? देवळात उंदरं हायेत. हितंच ऱ्हाऊ दे. आमीच येत जाऊ शनवारी.”

“वाजवनार कोन?”

“तू.”

ह्यांनी खिशातून हात काढला आणि भावजींच्या तोंडापुढे धरला. गावात तो हात असा कुणाला दाखवलेला मी बघितला नव्हता.

भावजींनी हात बघितला, अगदी बैलाचा फोटो बघितला तसाच, नीट. “ह्यो कशाला दावतोस? डाव्याला काय झालंय? तू डाव्यानं सूर धर, मी समोर बसून भाता हलवतो. पखवाज बडवून माझंबी खांदं गेल्यात.”

टाळवाल्यांपैकी एक उगाच सिमेंटच्या पोत्यांकडे बघत राहिला. मी चहा ठेवायला आत गेले, म्हणजे डोळे पुसायला गेले. बाहेरून ह्यांचा आवाज आला, कुरकुरलेलाच.

“पाच हजार एकला फसलात. भाता गळतोय.”

“जाहिरातीत लिवलंवतं,” भावजी म्हणाले.

मग पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला. भात्यातून आधी धूळ निघाली असावी, कारण कुणीतरी खोकलं. मग एक सूर निघाला, लांब, थोडा खरखरीत, मध्येच तुटलेला. पुन्हा तोच सूर, आता न तुटता. काळी दोन अडकली तेव्हा ह्यांनी ठेवणीतली शिवी दिली. तीही मी चार वर्षांत ऐकली नव्हती.

चहा उकळत होता तेवढ्यात मी फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं, नियमाप्रमाणे : नंबर चौदा. पैसे मिळाले. वस्तू पोचली.