यज्ञेश्वरपंतांच्या हातची गवार

यज्ञेश्वरपंतांचं सोवळं सोलापुरातल्या उन्हाइतकं कडक होतं. शाळा बंद पडून त्यांची मास्तरकी गेली, तरी सोवळं गेलं नाही. उलट वेळ मोकळा झाल्यामुळे ते फोफावलं. त्याच मोकळ्या वेळात त्यांनी परसात गवार लावली. विहिरीचं पाणी शेंदून घातलं, आणि काळ्या मातीनं मास्तरांचा मान राखला. झाडं शेंगांनी लगडली.

वैशाखात विहिरीचा तळ दिसला. झाडं आता जगणार नव्हती. म्हणून पंतांनी सगळी गवार एकदम तोडली. ती मीठ घातलेल्या ताकात उकडून उन्हात वाळवायची आणि पावसाळाभर भाकरीबरोबर तळून खायची, असा बेत होता. बाजारातून भाजी आणण्याचे दिवस सरले होते. ही गवार बिघडली तर नुसती भाकरी, आणि तीही मिळेल तेव्हा.

नेमक्या त्या सकाळी त्यांची बायको अनसूयाबाई बाजूला बसल्या. अशा दिवसांत बाईची सावलीही चुलीवर पडू नये, हा नियम पंतांनीच घरात लावला होता. घरात तिसरं माणूस नाही. शेंगा तर दुपारपर्यंतच लुळ्या पडायला लागल्या होत्या.

पंतांनी ओलं धोतर नेसून चूल पेटवली. अनसूयाबाई परसदाराशी तरटावर बसून शिकवू लागल्या. जन्मभर शिकवलेल्या माणसाला शिकणं फार जड गेलं.

"मीठ किती?" पंतांनी विचारलं.

"चार मुठी."

"कशा मुठी?"

"अहो, मुठी म्हणजे मुठी. मी रोज घालते तशा."

पंतांच्या मुठीत अनसूयाबाईंच्या दोन मुठी सहज मावल्या असत्या. त्यांनी मन लावून, काठोकाठ भरून, चार मुठी घातल्या.

"अहो, थांबा की," अनसूयाबाई म्हणाल्या. "ती मूठ आहे का सूप? आता चाखून बघा."

"नैवेद्याआधी चाखू? उष्टं होईल."

"मग वास तरी घ्या."

"तेही अर्धं उष्टंच."

ताकाला उकळी आली. पंत पातेल्याकडे एखाद्या ढ मुलाच्या पाटीकडे बघावं तसे बघत राहिले. मीठ जास्त झालंय की नाही, हे त्यांना कळत नव्हतं आणि कळून घ्यायची सोयही नव्हती. पावसाळ्याचं सगळं पान त्या पातेल्यात होतं.

"अगं, काय करू?" त्यांचा आवाज शाळेत कधी ऐकू आला नव्हता इतका बारीक होता.

अनसूयाबाई उठल्या. तरटावरून सरळ चुलीपाशी आल्या, पातेलं खाली उतरवलं आणि एक शेंग फुंकून तोंडात टाकली. पंतांनी डोळे मिटले. नियम एक नाही, दोन मोडले होते.

"मिठानं कडू जहर झालीय," त्या म्हणाल्या. "पाणी आणा. धुऊन काढते."

घरात प्यायच्या पाण्याचा एकच हंडा होता. पंतांनी तो आणला. अनसूयाबाई शेंगा चोळत होत्या आणि पंत वरून पाणी सोडत होते. आपण काय करतोय, हे बघायला शेजारचं कुणी डोकावलं नाही, याबद्दल त्यांनी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. मग कुठल्या तोंडानं मानले, असं वाटून ओशाळले. हंडा रिकामा झाला.

अनसूयाबाईंनी पुन्हा एक शेंग चाखली. तोंड वाकडं झालं.

"अजून आहे?" पंतांनी विचारलं.

"आहे. पण आता पाणी कुठलं? पिठात मीठ न घालता भाकरी करायची, झालं."

दोघांनी मिळून शेंगा बाजेवर धोतर अंथरून पसरल्या. घसा दोघांचाही कोरडा पडला होता.

"आणि नैवेद्य?" पंतांनी हळूच विचारलं.

"ही देवाला नाही दाखवायची. ही आपण खायची."

पंत बाजेवर वाकले. मग त्यांनी एक शेंग उचलून तोंडात टाकली, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी ती गिळून टाकली.