ओठ दिसणारा टीव्ही

हिंगोलीच्या दुकानात मी मोठा टीव्ही घ्यायला गेलो होतो आणि आवाज केवढा आहे, तेवढंच विचारत होतो. तेवढ्यात सेनगावकडचे एक काका बायकोला घेऊन आले. त्यांनी आवाज पार बंद करायला लावला.

“मराठीच पिक्चर लावा, डब केलेला नको. हिला ऐकू येत न्हाई, ओठ बघून समजती. डबमधी ओठ येगळंच बोलतेत.”

दर टीव्हीपुढे ते तिचा चष्मा सदऱ्याला पुसून द्यायचे आणि तिच्याकडेच बघत उभे राहायचे. सगळ्यांत मोठ्या टीव्हीपुढे ती खुदकन हसली.

“हाच द्या,” काका म्हणाले.

“काका, तुमी तर टीव्ही बघितलाच न्हाई,” मी म्हणालो.

“बघितला की, हिच्या तोंडावर.”

मी एकटाच आलो होतो. टीव्ही न घेताच घरी गेलो, बायकोला आणायला.