गजभिये सिस्टर आणि डब्ब्यातली गळती

पांढुर्ण्यात न्हाव्याच्या दुकानात बसलो होतो, तोंडाला साबण लागला होता, आणि शेजारच्या खुर्चीवरचा माणूस सहज बोलून गेला, "सौसरच्या गजभिये सिस्टर गेल्या म्हणते परवा." असं सांगतात का कोणी? मी अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो. न्हावी म्हणाला, "बसा ना काका, पुरी करू द्या." मी त्याच्यावरच खेकसलो. त्याचा बिचाऱ्याचा काय गुन्हा... दुसऱ्या दिवशी सौसरला त्यांच्या घरी जाऊन आलो. त्याला तीन आठवडे झाले. तिथं जे ऐकलं ते काही केल्या मनातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. एका ट्रस्टचा फिरता दवाखाना होता आणि त्याची जीप मी चालवायचो. जीपच्या मागं दोन चाकांचा पत्र्याचा ट्रेलर, त्याला सगळे डब्बाच म्हणायचे. डब्ब्यात ऑपरेशनचं टेबल, हात धुवायचं बेसिन, कोपऱ्यात छतावर पाण्याची टाकी आणि तिथून बेसिनपर्यंत पाइप. दिसायला फार झ्याक, पण आमचे रस्ते कसे! तिगाव, सावरगाव, रामाकोना करून आलो की कुठला ना कुठला जोड ढिला झालेला असायचाच, आणि थेंब थेंब पाणी सुरू. फिटर नागपूरवरून कोण आणणार? तर ते काम गजभिये सिस्टर करायच्या. त्यांचे वडील रेल्वेत पाण्याच्या टाकीवर खलाशी, म्हणजे फिटरचे मदतनीस होते, लहानपणी त्यांच्या हाताखाली पाहून पाहून सगळं शिकलेल्या. साडीचा पदर खोचायच्या, एकेक जोड फडक्यानं कोरडा करायच्या, त्याला वर्तमानपत्राची पट्टी गुंडाळायच्या आणि स्टुलावर बसून राहायच्या. ज्या जोडाचा कागद आधी भिजला, तो चोर. मग त्याला सुताचा धागा आणि सफेदा, म्हणजे जोड बुजवायचा पांढरा लेप लावायचा, वायसर चाकाची जुनी ट्यूब कापून बनवायचा. मी घाई केली की म्हणायच्या, "नथ्थूभाऊ, थेंब दिसते तिथं गळत नसते. पाणी लबाड असते, वरतून चालत येते." आणि मी पाना हातात घेतला की हिसकून घ्यायच्या. "तुमचा हात नाही, घण आहे घण! हातानं बसते तेवढं बसवा, वरतून पाव फेरा. त्याच्यापेक्षा जास्त नाही." मला राग यायचा. ट्रकचे नट आवळलेला माणूस मी, मला ही बाई पाव फेरा शिकवते!

त्या हिवाळ्यात रामाकोन्याला मोतीबिंदूचं शिबिर ठरलं. नागपूरचे डॉक्टर एका दिवसासाठी येणार होते. अकरा पेशंट, आणि त्यात चौथा नंबर माझ्या मायचा. मायला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हटलं तरी चालेल. चुलीत लाकूड सारताना दोनदा हात भाजून घेतला होता तिनं. कितीतरी दिवस मी ह्या एका दिवसाची वाट पाहत होतो. आदल्या दिवशी दुपारी सौसरला डब्बा उभा होता, सिस्टर औषधं आणायला गेल्या होत्या, आणि मला टाकीखालच्या पितळी नटावर एक थेंब दिसला. म्हटलं, एवढ्याशासाठी त्यांना काय सांगायचं? पाना घेतला आणि पूर्ण एक फेरा दिला. थेंब थांबला. मीच माझ्यावर खूश झालो.

सकाळी रामाकोन्याच्या शाळेसमोर डब्बा लावला. सिस्टरनी दार उघडलं आणि जागच्या जागी थांबल्या. टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला छतातून पाणी पडत होतं. टप्... टप्... बाहेर व्हरांड्यात अकरा माणसं सतरंजीवर बसलेली, आणि डॉक्टर यायला दोन तास. सिस्टरनी फडकं घेतलं, कागदाच्या पट्ट्या घेतल्या, बेसिनपासून सुरुवात केली. पहिला जोड कोरडा. दुसरा कोरडा. मी दारात उभा, आणि मला तिसरा जोड कोणता ते माहीत होतं. टाकीखालचा कागद बघता बघता काळा पडला. त्यांनी नटावरून नख फिरवलं. बारीक चीर गेली होती. रात्रभर पाणी छताच्या लोखंडी पट्टीवरून चालत जाऊन छताच्या प्लायमध्ये मुरलं होतं.

"हा कोणी आवळला?" त्यांनी विचारलं.

"रस्त्यानं झालं असन," मी म्हणालो. खोटं, सरळ खोटं.

त्यांनी टाकी रिकामी केली, चिरेवर धागा-सफेदा भरला, ट्यूबची पट्टी तारेनं कसली. पण प्लाय पाणी पिऊन बसला होता, तो कसला ऐकतो! थेंब कमी झाले, बंद झाले नाहीत. तेवढ्यात डॉक्टरांची गाडी आली. मायच्या डोळ्यात औषध टाकून झालं होतं, डोक्याला पांढरी टोपी बांधून तिला पायऱ्यांपाशी आणून बसवलं होतं. मी सिस्टरचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. "सिस्टर, छताला प्लास्टिकची पन्नी बांधून टाकू. डॉक्टर वर कायले पाहून राहिले? टाइम गेला तर ते पुन्हा येत नाही. माझ्या मायचा इचार करा."

त्या वर बघत होत्या. "त्याच मायचा करून राहिली, नथ्थूभाऊ. डोळा उघडा असन आणि हे घाण पाणी त्याच्यात पडलं, तर?"

आणि त्यांनी बाहेर जाऊन डॉक्टरांना सांगितलं, आज होणार नाही. डॉक्टर भयंकर चिडले. सगळ्या गावासमोर विचारलं, ही हलगर्जी कोणाची? सिस्टरनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मी चपलांकडं पाहत होतो. "तपासायचं काम माझं आहे, साहेब. माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. ह्या डब्ब्यात मी पुन्हा पाय ठेवणार नाही, असं सांगून डॉक्टर गेले. मी मायचा हात धरून तिला उठवलं, तर ती टोपी चाचपत म्हणते, "झालं काय गा बापू? दुखलं तं नाही काही..."

परतताना जीपमध्ये मी सिस्टरना वाट्टेल ते बोललो. तुमची माय असती तर असं केलं असतं का, इथपर्यंत. चूक माझी आणि आवाजही माझाच! त्या खिडकीबाहेर बघत होत्या. नंतर ट्रस्टकडून त्यांना लेखी ठपका आला, तोही त्यांनी घेतला. डॉक्टरांना मनवायला त्या स्वतःच्या सुट्टीत नागपूरला तीनदा गेल्या. छत नवं केलं, सगळे जोड पुन्हा बांधले, आणि शेवटचा नट आला तेव्हा पाना माझ्या हातात दिला. "तुम्ही आवळा. मी पाहते." मी पाव फेरा दिला. तेव्हाही खरं सांगितलं नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर मायचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. पुढं अकरा वर्षं ती जगली, तांदूळ स्वतः निवडायची. पण सिस्टरवरचा तिचा राग गेला नाही. "मले टेबलावर चढू देल्लं नाही त्या बाईनं," एवढंच तिच्या डोक्यात. सौसरच्या बाजारात सिस्टर समोरून आल्या, हसल्या, तरी माय तोंड फिरवून पुढं जायची. थैली घेऊन मी मागं असायचो. माय, तो नट मी फोडला, एवढंच म्हणायचं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो...

त्या दिवशी सिस्टरच्या घरी गेलो तेव्हा त्यांची मुलगी होती, तिनं चहा केला. समोरच्या भिंतीला त्यांचा फोटो, ताजा हार. मी बसल्या बसल्या तिला सगळं सांगून टाकलं. म्हटलं, पोरी, तो नट मी आवळला होता.

"माहीत आहे काका," ती म्हणाली. "आईले तेव्हाच समजलं होतं. ती म्हणे, नट काय, कोणाच्याही हातून तुटते. त्याचं तिले काही नाही वाटलं." मग माझा रिकामा कप उचलला. "पण तुमची माय बाजारात तोंड फिरवून जाये ना, त्या दिवशी आई घरी येऊन जेवत नव्हती."