नांदेड ते लातूर, मांडीवर आरसा

माझ्या यजमानांनी दुर्बिणीसाठी हाताने घासलेला सहा इंची आरसा ते गेल्यावरही कपाटातच होता. "बिघडला," म्हणून त्यांनीच तो गुंडाळून ठेवला होता. खरंच बिघडला का, एवढंच मला विचारायचं होतं. लातूरचे एक निवृत्त विज्ञान शिक्षक फोनवर म्हणाले, "घेऊन या, ताई." मी निघाले.

नांदेडहून सकाळची एसटी धरा. लोहा, अहमदपूर, चाकूर. चारेक तास लागतात. बायकांना अर्धं तिकीट. टॉवेलातली काच मी मांडीवर घेतली होती. शेजारणीने विचारलं, "मावशी, काय हाय त्याच्यात?"

"आरसा."

"द्या की मग, टिकली बघते."

"ह्यात तोंड दिसत नाही गं. मुलामा द्यायचाय अजून."

"मग कशाला उचलून राहिल्या?"

अहमदपूरला चहा चांगला मिळाला. भजी गार होती.

सरांनी खिडकीला चादर लावून खोलीत अंधार केला होता. आधी त्यांनी यजमानांच्याच पद्धतीने पाहिलं: दिवा एका बाजूला, डोळा दुसऱ्या. आरशावरून परतलेला प्रकाशाचा ठिपका गोल हवा, तो लांबट दिसला. म्हणजे बिघडलेलाच, मला वाटलं. मग त्यांनी आरसा पाव फेरा फिरवला. ठिपका तसाच, त्याच दिशेला लांबट.

"आरसा फिरला, लांबटपणा न्हाई फिरला. खोट दिवा-डोळ्याच्या मांडणीत हाय, ताई."

आता दिवा आणि डोळा एका रेषेत आणायचे होते. त्यासाठी भरतकामाच्या रिंगेवर पातळ प्लॅस्टिक ताणून तिरकं धरायचं. ते थोडा प्रकाश आरशाकडे वळवतं, परतलेला आरपार डोळ्याकडे सोडतं. सरांच्या हातून सुरकुत्या पडत होत्या.

"माझा पोळ्या गुंडाळायचा प्लॅस्टिकचा कागद संपवून राहिले," सरांच्या पत्नी, वहिनी, म्हणाल्या.

रिंग मी घेतली. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी शिकवलं होतं, समोरासमोरच्या कडा थोड्या थोड्या ओढायच्या. पडदा ताठ बसला.

"श्वास सोडू नका त्याच्यावर," सर म्हणाले.

मी डोळा लावला. ठिपका गोल होता. मोहरीएवढा, स्वच्छ गोल.

"हात लई चांगला होता त्यांचा. कुणाला दाखवला न्हाई का?"

मी नकारार्थी मान हलवली. आरसा बिघडला म्हणून यजमान महिनाभर गप्प गप्प असायचे तेव्हा, "सोडा आता तो नाद," असं मीच म्हटलं होतं. आरसा कपाटात गेला तेव्हा मला बरंही वाटलं होतं.

वहिनींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. दुपारच्या गाडीने परतले. कुलूप उघडून दिवा लावला, आरसा टेबलावर ठेवला आणि "चांगला आहे हो," असं मोठ्याने म्हटलं. रिकाम्या घरात आवाज उगाच मोठा वाटला.

कुणाला जायचं असेल तर मुक्कामाची गरज नाही. सकाळी निघालात तर दिवेलागणीला घरी येता. जाऊन-येऊन एका दिवसाचं काम आहे.

ते होते तेव्हाही एकाच दिवसाचं होतं.